आठवा चिरंजीव

चिऱ्याचा एक तुकडा घ्या. रत्नागिरीत तो शोधावा लागत नाही; गडग्यातून निखळलेला, पाखाडीच्या कडेला पडलेला, कुठेही मिळेल. उन्हात चांगला तापलेला असेल तर उत्तम. त्यावर तांब्याभर पाणी हळूहळू ओता. घरंगळून खाली जाईल असं वाटत असतानाच पाणी नाहीसं होतं. चिरा ते पिऊन टाकतो. काही वेळाने त्याच्या खालच्या अंगाला ओल दिसू लागते, मग एक थेंब लोंबकळतो, मग दुसरा.

आता दुसऱ्या तांब्यात चिमूटभर हळद कालवा आणि तेच करा. खाली येणारा थेंब बराच फिका असतो, हळद वरच्या भोकाभोकांत अडकलेली दिसते. तिसऱ्या तांब्यात मीठ विरघळवा. खालचा थेंब जिभेला लावलात तर खारट लागेल. हळद अडकली, मीठ उतरलं. भूजलाच्या प्रदूषणाचं जे शास्त्र आहे, त्यातलं निम्मं या तीन तांब्यांत आलं. उरलेल्या निम्म्यासाठी आपल्याला फुरसुंगीपासून इटलीपर्यंत जाऊन परत कोकणातल्या लोट्याला यायचं आहे.

चिरा ज्यातून कापतात तो जांभा दगड म्हणून थोडा विचित्रच. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने मलबारात अंगाडिपुरमजवळ लोकांना तो जमिनीतून विटेसारखा कापून काढताना पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ असं नाव दिलं. कोकणातला जांभा हा मूळचा काळा पाषाणच. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली आणि मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम राहिलं. म्हणजे हा दगड पाण्यानेच पोखरून घडवलेला आहे. त्याच्या अंगात बोटभर जाडीच्या, वेड्यावाकड्या नळ्या असतात. वरचा हातभर थर उन्हापावसाने टणक झालेला, तोच आपला कातळ. त्याखाली मऊ, नळ्यांनी भरलेला जांभा. त्याच्याही खाली पिवळसर-पांढरी चिकट माती, जिच्यातून पाणी सहजासहजी उतरत नाही, आणि सगळ्यांत खाली पुन्हा काळा पाषाण.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, पडलेलं पावसाचं पाणी भेगांतून आत शिरतं, नळ्यांतून धावतं, चिकट मातीवर येऊन अडतं आणि मग आडवं वाहू लागतं. डोंगराच्या कुशीत जिथे ही माती उघडी पडते तिथे झरा फुटतो. त्या झऱ्याच्या आसपास वाडी वसते, पोफळीचं आगर होतं, विहीर खणली जाते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या वाडीत उभं राहून मान वर करून पाहा. वर सडा दिसतो. ज्या विहिरीचं पाणी तुम्ही पिता तिचं छप्पर तुमच्या डोक्यावर, दीड-दोनशे फूट उंचीवर असतं.

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर येतो. बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटतं. पण जांभा पाणी जितक्या तत्परतेने घेतो तितक्याच तत्परतेने सोडूनही देतो. धरून ठेवणं हा त्याचा स्वभाव नाही. या घाईत पाणी गाळलं जायलाही फुरसत मिळत नाही. वाळूच्या किंवा गाळाच्या जमिनीत पाणी संथ सरकतं, मातीच्या कणांशी घासतं, जिवाणू मरायला वेळ मिळतो. जांभ्यात मोठा पाऊस झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी लालसर होतं. वाडीतल्या बायकांना हे कोणी शिकवावं लागत नाही. त्या पहिल्या पावसानंतर हंड्यावर दुहेरी फडकं बांधतात.

आणि या छपराची सरकारदरबारी नोंद काय? सातबारावर ‘पोटखराबा’. उपग्रहाच्या चित्रांवरून पडीक जमिनींचे जे नकाशे होतात त्यांत ‘ओसाड, खडकाळ’. ज्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कोणी हत्ती आणि मासे कोरून ठेवले, ज्या कातळशिल्पांचं नाव २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेलं, तो सडा कागदावर कुचकामी. कोकणातल्या पाण्याची अर्धी दैना या एका शब्दात आहे असं मला वाटतं. जमीन पडीक ठरली की तिच्यावर काहीतरी टाकून द्यायला मन कचरत नाही.

शहराला कचरा टाकायला काय लागतं? घरांपासून लांब, सरकारी किंवा स्वस्तातली, सपाट जागा. सड्याचं वर्णन याहून वेगळं नाही. त्यातही तयार खड्डा असला तर फारच सोय, आणि चिरेखाण म्हणजे तयार खड्डाच. यंत्राने सरळ भिंती कापलेल्या, वीस-तीस फूट खोल, चौकोनी. चिरा विकून झाला, खाणमालक निघून गेला, खाण तशीच राहिली. पण खाणीत टणक कातळाचं झाकण आधीच काढून नेलेलं असतं. तिथे कचरा टाकणं म्हणजे विहिरीच्या छपरात भोक पाडून त्यातून ओतणं.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी अट घातली होती: भराव क्षेत्राच्या तळाशी ९० सेंटिमीटर जाडीचा, पाणी जवळजवळ न झिरपणारा मातीचा थर हवा, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिकचं अस्तर हवं, आणि तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा किमान दोन मीटर उंच हवा. पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर अंतर हवं. नियम चांगले होते. मात्र जुलै महिन्यात एखाद्या सोडलेल्या चिरेखाणीच्या काठावर जाऊन उभं राहावं. आत पोरं पोहत असतात. भूजलाची सर्वांत वरची पातळी म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

रत्नागिरी शहराचा घनकचरा प्रकल्प दांडेआडोमला न्यायचं ठरलं तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला आणि विषय वर्षानुवर्षं रखडला. अशा वेळी शहरातल्या माणसाचं मत ठरलेलं असतं: यांना विकास नको. गावकऱ्याला ‘लीचेट’ हा शब्द ठाऊक नसेल, पण कचऱ्याच्या ढिगाखालून निघणारं काळं पाणी कुठे जाणार हे त्याला ठाऊक असतं, कारण पावसाचं पाणी कुठे जातं ते त्याने जन्मभर पाहिलेलं असतं.

हे काळं पाणी महाराष्ट्राने सर्वांत जवळून पाहिलं ते पुण्याजवळ. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत पुणे शहराचा कचरा दशकानुदशकं पडत राहिला. हळूहळू विहिरींचं पाणी काळपट झालं, त्याला वास येऊ लागला, बागायत गेली. शेवटी महापालिकेला या गावांना टँकरने पाणी द्यावं लागलं. ज्यांच्या विहिरी बारमाही होत्या ती माणसं शहराकडून येणाऱ्या टँकरची वाट पाहू लागली. आणि तिथे खाली काळा पाषाण आहे, जांभ्याहून कितीतरी घट्ट.

जांभ्यावर काय होतं ते पाहायचं तर खाली दक्षिणेकडे जावं लागतं. मडगावचा सोनसोडो हा ढीग पठारावर, आणि त्याखाली कुडतरीची भातशेती. गोव्यातल्या न्यायालयात या ढिगाच्या तारखा पडत आल्या आहेत. मंगळुरूला तर ऑगस्ट २०१९ च्या पावसात पच्चनाडीचा कचऱ्याचा डोंगरच सुटला आणि उतारावरच्या मंदार या वस्तीवर आला. सुपारीची आणि माडांची बागायत कचऱ्याखाली गेली, माणसांना घरं सोडावी लागली. जांभ्याचा उतार, खाली आगर, मध्ये विहीर. ते चित्र पाहिलेल्या रत्नागिरीकराला मंगळुरू परकं वाटणार नाही.

आता पुन्हा हळद आणि मिठाकडे येऊ. कचऱ्याच्या पाण्यात जे काळं दिसतं, जो वास येतो, ती बहुतेक सगळी हळद आहे. सडणाऱ्या भाजीपाल्यातून आलेले सेंद्रिय पदार्थ, अमोनिया, जिवाणू. यांना मातीतले जिवाणू खातात, प्राणवायू जाळतो, काळ संपवतो. ढीग बंद होऊन बरीच वर्षं झाली की विहिरीचं पाणी पुन्हा निवळशंख दिसायला लागतं. वास जातो. लोक म्हणतात, झालं ते झालं, आता पाणी सुधारलं. खरी अडचण तिथे सुरू होते, कारण हळद गेली तरी मीठ तिथेच असतं.

हे ‘मीठ’ म्हणजे ज्यांना शास्त्रज्ञ पीएफएएस म्हणतात आणि सोयीसाठी आपण ‘पीफास’ म्हणू, त्या रसायनांचं कुटुंब. सभासद हजारोंनी. सगळ्यांच्या अंगात एक समान गोष्ट: कार्बनच्या साखळीला चिकटलेले फ्लोरिनचे अणू. कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातला बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातला सर्वांत मजबूत एकेरी बंध. त्याला पाणी तोडत नाही, तेल तोडत नाही, चुलीची आच तोडत नाही, आणि जिवाणूंनाही तो तोडून काही मिळत नाही. निसर्गात अशी साखळी जवळजवळ नव्हतीच, मग ती खाणारं तोंड तयार होणार तरी कसं?

इंग्रजीत यांना कायमची रसायनं म्हणतात. मराठीत त्यासाठी शब्द तयार आहे, आणि तो कोकणाला फार जवळचा आहे: चिरंजीव. सात चिरंजीवांपैकी एक, परशुराम, आपल्या भूमीचा कर्ता मानला जातो. लोटे परशुराम हे नाव पुढे येणारच आहे, तेव्हा हा योगायोग टाळता येत नाही. पण या रसायनांना साजेसा चिरंजीव दुसरा आहे. कपाळावरची जखम घेऊन, तेल मागत फिरणारा अश्वत्थामा. त्याचं अमरत्व हा वर नव्हता.

या कुटुंबाचा जन्म अपघाताने झाला. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा तरुण रसायनशास्त्रज्ञ शीतकरणाच्या वायूवर काम करत होता. एका नळकांड्यातून वायू येईना, पण वजन तर भरलेल्याइतकंच. त्याने नळकांडं कापून उघडलं, तर आत मेणासारखी पांढरी, गुळगुळीत भुकटी. तेच टेफ्लॉन. पुढे त्याचे तवे झाले. टेफ्लॉन बनवताना मदतीला लागणारं पीएफओए हे रसायन मात्र तव्यावर न थांबता सांडपाण्यात, गाळात आणि तिथून कचऱ्याच्या खड्ड्यांत गेलं.

असा एक खड्डा अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात पार्कर्सबर्गजवळ होता. ‘ड्राय रन’ असं त्याच्या ओढ्याचं नाव. शेजारी विल्बर टेनंट नावाच्या शेतकऱ्याची गुरं चरत. ऐंशीच्या दशकात ड्यूपाँटने तिथे गाळ टाकायला सुरुवात केली. पुढे ओढ्याला फेस येऊ लागला, गुरं रोडावली, मरू लागली. टेनंटने व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि मेलेल्या गाईंची चित्रफीत करून ठेवली, कारण त्याचं कोणी ऐकत नव्हतं. रॉबर्ट बिलॉट या वकिलाने १९९९ साली त्याच्या वतीने दावा लावला. त्या दाव्यातून जी कागदपत्रं बाहेर आली त्यांच्यामुळे जगाला पीएफओए हे नाव कळलं. नंतर परिसरातल्या सुमारे ६९ हजार माणसांचं रक्त तपासलं गेलं आणि शास्त्रज्ञांच्या मंडळाने सहा विकारांशी त्याचा संभाव्य संबंध जोडला: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे आजार, आतड्याचा व्रणदाह, गरोदरपणातला रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल. २०२३ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पीएफओए माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं.

म्हणजे या सगळ्याची सुरुवात एका कचऱ्याच्या खड्ड्यापासून आणि एका ओढ्यापासून झाली, कारखान्याच्या धुराड्यापासून नव्हे.

पण पीफास शहराच्या कचऱ्यात येतं कुठून? कारखाना लागतच नाही. न चिकटणारा जुना तवा, तेल न शोषणारा वडापावाचा किंवा पिझ्झाचा कागद, डाग न पडणारं सोफ्याचं कापड, गालिचा, न पुसला जाणारा मस्कारा, विजेच्या तारांची वेष्टनं आणि कोकणात घरटी दोन-तीन असणारे रेनकोट. या सगळ्यांत हे असू शकतं. हे सगळं शेवटी ढिगावर जातं आणि पावसाचं पाणी त्यातून थेंबथेंब पीफास धुऊन नेतं. अमेरिकेतल्या कचरा भरावांच्या पाण्यातून २०१३ या एका वर्षात सुमारे ६०० किलो पीफास बाहेर पडलं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तिथले भराव बहुतेक अस्तरांचे आहेत आणि तिथलं पाणी गोळा करून शुद्धीकरणाला जातं; तरीही शुद्धीकरण केंद्रं पीफास काढण्यासाठी बांधलेली नसतात. आपल्याकडे अस्तर नसलेल्या ढिगाखालचं पाणी कुणी गोळा करत नाही, ते थेट जमिनीत जातं. चेन्नईत मद्रास आयआयटीच्या संशोधकांना पेरुंगुडीच्या कचराडेपोच्या परिसरातल्या पाण्यात ही रसायनं सापडली आणि राष्ट्रीय हरित लवादाने त्याची दखल घेतली.

जांभ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडवर धन विद्युतभार असू शकतो आणि लांब साखळीची काही पीफास रसायनं त्याला चिकटतात. पण चिकटायला वेळ लागतो, आणि नळ्यांतून धावणारं पाणी वेळ देत नाही. शिवाय लांब साखळीवर बंधनं आल्यापासून उद्योगांनी आखूड साखळीची रसायनं आणली. ती कशालाच फारशी चिकटत नाहीत.

ही रसायनं भूजलात उतरली की काय होतं ते इटलीत दिसलं. तिथे उत्तरेला, व्हिचेन्सा शहराजवळ त्रिस्सिनो नावाचं एक गाव आहे. साठच्या दशकात तिथे मार्झोत्तो या कापड उद्योगाने ‘रिमार’ नावाचा कारखाना काढला. कापडावर पाणी ठरू नये, डाग पडू नये यासाठी लागणारी फ्लोरिनची रसायनं हे त्याचं काम. १९८८ मध्ये मित्सुबिशी आणि एनी या कंपन्यांनी तो घेतला आणि दोघांच्या नावांतून ‘मिटेनी’ झालं. २००९ मध्ये तो आणखी एका गटाकडे गेला. मालक बदलत गेले, नाली तीच राहिली. कारखाना उभा होता तो नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यावर, जिथून मोठ्या भूजल साठ्याचं पुनर्भरण होतं. आपल्या भाषेत, नेमका छपरावर.

२०१३ साली इटलीच्या सरकारी संशोधन संस्थेच्या पाहणीतून गोष्ट उघड झाली. व्हिचेन्सा, व्हेरोना आणि पादोव्हा या तीन प्रांतांतल्या सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्यावर परिणाम झाला होता. मुलांच्या रक्ततपासणीचे निकाल टपालाने घरी यायला लागले तेव्हा आया रस्त्यावर आल्या. ‘माम्मे नो पीफास’ ही त्यांची संघटना. २०१८ मध्ये मिटेनीने दिवाळखोरी जाहीर केली. २६ जून २०२५ रोजी व्हिचेन्साच्या न्यायालयाने पंधरा आरोपींपैकी अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. शिक्षांची बेरीज १४१ वर्षं.

दिवाळखोर कारखान्याचं पुढे काय होतं? यंत्रं लिलावात जातात. २०१९ मध्ये मिटेनीची यंत्रसामग्री, पेटंटं आणि प्रक्रियांचं ज्ञान मुंबईच्या लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीजच्या व्हिवा लाइफसायन्सेस या उपकंपनीने विकत घेतलं. २०२१ मध्ये कंपनीने समभाग बाजारात आणले तेव्हाच्या दस्तऐवजात हे छापलेलं आहे, आणि नव्या फ्लोरिन रसायनांच्या कारखान्याची जागाही: लोटे परशुराम, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी.

यंत्रं आली म्हणून प्रदूषण आलं असा हिशेब कोणी करू नये. लोखंडाच्या टाक्या पाणी नासवत नाहीत. सांडपाणी कुठे आणि कसं सोडलं जातं त्यावर सगळं ठरतं. त्रिस्सिनोला जे घडलं त्याचा दोष तिथल्या माणसांचा होता, आणि ती माणसं लोट्याला आलेली नाहीत. प्रश्न वेगळा आहे. सांडपाण्याच्या बाबतीत लोट्याचा स्वतःचा पूर्वेतिहास काय?

परशुराम घाट चढून मुंबईकडे निघालं की महामार्गाच्या दोन्ही अंगांना ही रासायनिक वसाहत लागते. वसाहत उंचावर, गावं उतारावर: कोतवली, सोनगाव, गुणदे, घाणेखुंट, आवाशी. खाली जगबुडी आणि वाशिष्ठी, आणि पुढे दाभोळची खाडी. कोतवलीच्या नदीत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांना नव्या नाहीत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, त्यात लोट्यावर स्वतंत्र मजकूर आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये समिती सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर गेली तेव्हा प्रक्रिया न झालेलं पाणी ओसंडून ओढ्यात जाताना तिने पाहिलं. वसाहतीने अकरा हजार रोजगार दिले आणि मासळी गेल्याने वीस हजार मच्छीमारांचा धंदा गेला, ही तुलना गाडगीळांमुळे महाराष्ट्रभर पोचली.

त्याच मजकुरात एक वाक्य आहे ज्याकडे माशांच्या गदारोळात फारसं कोणी पाहिलं नाही. जे विषारी सांडपाणी केंद्राला झेपत नाही ते काही उद्योग बोअरवेलमध्ये सोडतात असं समितीला सांगण्यात आलं. अशी तीन प्रकरणं उघडकीला आली होती. मासे मेले की ते वर येतात, दिसतात, त्यांचा फोटो निघतो. बोअरवेलमध्ये ओतलेलं वर येत नाही. येतं ते खालच्या वाडीच्या हंड्यातून, काही वर्षांनी, पाण्याच्याच रंगाचं.

आता थोडा आकड्यांचा खेळ. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओएची मर्यादा ठरवली: लिटरला चार नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, ज्याची कल्पना करता येत नाही. म्हणून विहीर घेऊ. दहा फूट व्यासाची, दहा फूट पाण्याची, चिरेबंदी विहीर. तिच्यात साधारण बावीस हजार लिटर पाणी. चार नॅनोग्रॅमच्या हिशेबाने या सगळ्या पाण्यात मिळून पीएफओए बसेल ते बारीक मिठाच्या दीड कणाइतकं. मिठाची चिमूट नव्हे, कण. दोन कण पडले की अमेरिकेच्या कायद्याने ती विहीर पिण्यालायक राहिली नाही. युरोपचा हिशेब जरा वेगळा आहे. तिथे वीस पीफास रसायनांची बेरीज लिटरला शंभर नॅनोग्रॅमच्या आत हवी. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, २०१२ च्या आयएस १०५०० मध्ये, पीफासचं नावच नाही. त्यामुळे कितीही कण पडले तरी पाणी पास.

आणि गावात ते पास होतं कसं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. जलसुरक्षक विहिरीवर येतो. एक नमुना घेऊन तालुक्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवतो. जिवाणूंसाठी छोटी बाटली असते. पाणी भरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी काळी झाली तर पाणी खराब. त्याच्याजवळच्या तपासणी किटमध्ये सामू, गढूळपणा, क्लोराइड, लोह, नायट्रेट, फ्लोराइड यांच्या तपासण्या असतात. फ्लोराइड हे नाव ऐकून गफलत होऊ शकते. किट मोजतं तो सुटा फ्लोराइड. पीफासमधला फ्लोरिन कार्बनला घट्ट बिलगलेला असतो, तो किटला दिसत नाही. मग विहिरीभोवती गटार आहे का, कठडा आहे का, टीसीएल पावडर नियमित पडते का, हे पाहून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. लाल, पिवळं किंवा हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं टिकलं की चंदेरी. या पद्धतीने गॅस्ट्रोच्या साथी आटोक्यात आल्या आहेत, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. ती हळद शोधण्यासाठी बनली आहे आणि हळद ती छान शोधते.

घरातली शिकवणही हळदीचीच. पाणी गाळून, उकळून प्या. आजीपासून आरोग्यसेविकेपर्यंत सगळ्यांनी सांगितलेलं आणि जिवाणूंच्या बाबतीत शंभर टक्के खरं. पीफास मात्र उकळत्या पाण्यात मजेत राहतं. पाण्याची वाफ होते, ते मागे उरतं. पातेलं जितकं आटेल तितकं पाणी जास्त खारट, असा मिठाचाच न्याय. आरओ यंत्र ते बऱ्यापैकी अडवतं. पण अडवलेलं सगळं नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जातं, आणि ती नळी कोकणातल्या घरात परसातल्या माडाच्या मुळाशी सोडलेली असते.

जुने ढीग उपसण्याची, म्हणजे बायोमायनिंगची, मोहीम सध्या नगरपरिषदांत जोरात आहे. ढीग खणायचा, चाळायचा, प्लॅस्टिक सिमेंटच्या भट्टीला, उरलेली बारीक माती सखल जागी भरायला. जमीन मोकळी होते, फोटो चांगले येतात. मात्र ढिगातून जे वर्षानुवर्षं खाली उतरलं ते चाळणीत येत नाही. आणि बारीक माती ज्या सखल जागी भरतात, त्या जागेचा विचार चिऱ्याचा प्रयोग केलेल्या वाचकाने स्वतःच करावा.

पीफासची तपासणी होऊ शकते. त्यासाठी लागणारी यंत्रं देशात आहेत, खर्चिक आहेत, पण एखाद्या सड्याभोवतीच्या दहा-बारा विहिरी दोन ऋतूंत तपासणं एखाद्या जिल्हा परिषदेला न झेपणारं नाही. एकदा एप्रिलमध्ये, पाणी तळाला असताना. एकदा जुलैत, सडा भरून वाहत असताना. नमुना घेण्याचे नियम मात्र फार काटेकोर आहेत, कारण मोजायचं आहे ते मिठाच्या दीड कणाच्या हिशेबाने. बाटली साध्या पॉलिप्रॉपिलिनची हवी, झाकणाला आतून टेफ्लॉन नको. हाताला क्रीम लावलेलं नको. आदल्या रात्री पॅकेटबंद तेलकट काही खाल्लं असेल तर हात नीट धुतलेले हवेत. आणि अंगावर पाणी न ठरणाऱ्या कापडाचा कोट अजिबात नको, कारण त्याच्या बाहीवरून ओघळलेला एक थेंब बाटलीत पडला तरी त्या विहिरीचा अहवाल खोटा ठरेल.

जुलै महिना, रत्नागिरी, उघड्या विहिरीचा कठडा आणि रेनकोट काढून ठेवलेला तपासनीस. त्याला भिजायचं नसेल तर एक सोय आहे. वाडीत कोणाच्या तरी माळ्यावर जुनं इरलं असेल. बांबूच्या कामट्या आणि वर पानं. ते घालून गेलं तर नियमाला धक्का लागत नाही.